पाण्यामागे सरकलेली राजधानी : दिल्लीचे पाच दिवस

दिल्लीदर्शनाच्या बसमधून एका दिवसात कुतुबमिनार, लोटस टेंपल, इंडिया गेट, राजघाट आणि लाल किल्ला उरकता येतो. संध्याकाळी फोनमध्ये दोनशे फोटो असतात आणि डोक्यात खिचडी. बाराव्या शतकातून विसाव्यात, तिथून सतराव्यात अशा उड्या मारल्यावर दुसरं काय होणार? बसचा क्रम रहदारीच्या सोयीचा असतो, शहराच्या वयाचा नसतो.

इथे दिलेला क्रम वयाचा आहे. दिल्ली म्हणजे एकाशेजारी एक वसवलेल्या सात-आठ राजधान्या. सगळ्यात जुनी दक्षिणेला, अरवलीच्या खडकाळ टेकाडांवर. तिथे दगड मुबलक आणि बचावाला जागा चांगली, पण पाणी नाही. म्हणून तलाव आणि बावल्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, खोदल्या. ते पुरेनात तशी राजधानी उतरत उतरत यमुनेकाठी गेली. हे एक सूत्र धरलं की कुठली दिल्ली कुठे आणि का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

वार आधी ठरवा. सोमवारी लाल किल्ला आणि बहुतेक संग्रहालयं बंद. रविवारी चांदणी चौकातली बरीचशी दुकानं बंद. हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात कव्वालीसाठी गुरुवारची संध्याकाळ हवी, राष्ट्रपती भवनातला पहारेबदलाचा सोहळा शनिवारी. या सगळ्याचं गणित मंगळवार ते शनिवार असंच बसतं.

महिना फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चचा पहिला पंधरवडा. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर टाळा. शेतातला पेंढा जाळल्याचा धूर, गाड्यांचा धूर आणि पडलेला वारा एकत्र आले की मिनाराचं टोकही धूसर दिसतं. डिसेंबरअखेर ते जानेवारीमध्यापर्यंत धुकं असतं, तेव्हा गाड्या सहा-आठ तास उशिरा धावणं ही बातमी नसते. २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या सरावासाठी कर्तव्यपथ परिसर बंद होतो, १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला.

पहिला दिवस, मंगळवार : मेहरौली

मुंबई सेंट्रलहून सोमवारी संध्याकाळी सुटणारी राजधानी एक्सप्रेस सकाळी नवी दिल्ली स्थानकात पोचते. सीएसएमटीची राजधानी आणि वास्कोची गोवा एक्सप्रेस मात्र हजरत निजामुद्दीनला जातात. हॉटेल ठरवण्याआधी तिकिटावरचं स्थानकाचं नाव नीट वाचा. 'दिल्ली', 'नवी दिल्ली', 'हजरत निजामुद्दीन' आणि 'आनंद विहार' ही चार वेगळी स्थानकं आहेत.

नवी दिल्ली स्थानकाला दोन तोंडं आहेत. एक नंबर फलाटाकडून पहाडगंज, सोळा नंबरकडून अजमेरी गेट. मेट्रोची पिवळी लाइन आणि विमानतळ लाइन दोन्ही अजमेरी गेटच्या बाजूला. पहाडगंजच्या बाजूला भेटणारा एखादा सुटाबुटातला माणूस 'तुमचं तिकीट कन्फर्म नाही', 'तुमचं हॉटेल बंद झालंय' किंवा 'पुढे रस्ता बंद आहे' असं सांगेल. उत्तर न देता चालत राहा. त्याला तुम्हाला एखाद्या खासगी ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात नेऊन बसवायचं असतं.

मुक्कामाला पहाडगंज स्वस्त पण गोंगाटाचं. कुटुंब बरोबर असेल तर करोलबाग बरं. मेट्रोचं स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. भाड्यात १० टक्के सूट मिळते आणि रांग वाचते. सकाळी नऊ-दहा आणि संध्याकाळी सहा-सात वाजता राजीव चौकात लाइन बदलणं म्हणजे दादरच्या पुलावरची गर्दी. गाडीच्या दिशेने पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. घाईत पुरुष त्यात शिरतात आणि दंड भरतात.

पिवळ्या लाइनने कुतुबमिनार स्थानकापर्यंत पाऊण तास. मिनार स्थानकाला चिकटून नाही, दीड-दोन किलोमीटरवर आहे, रिक्षा करावी लागते. पुरातत्त्व खात्याच्या जागतिक वारसास्थळांवर भारतीयांना ऑनलाइन तिकीट ३५ रुपयांना आणि रोख ४० ला पडत आलंय. १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. तिकीट रांगेत उभं राहून नव्हे, फाटकाबाहेरचा क्यूआर कोड स्कॅन करून काढा. ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो, तो जवळ ठेवा.

मिनार ७२.५ मीटर उंच, आत ३७९ पायऱ्या. वर जाता येत नाही. ४ डिसेंबर १९८१ ला आतले दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जणांचे जीव गेले. त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती. तेव्हापासून जिना बंद आहे. खालचे मजले लाल दगडाचे आणि वरचे दोन संगमरवर मिसळलेले का, तर चौदाव्या शतकात वीज पडल्यावर फिरोजशाह तुघलकाने वरचा भाग नव्याने बांधून घेतला.

इथे मिनारापेक्षा जास्त वेळ कमानींना द्या. मिनाराशेजारच्या मशिदीच्या पडद्याच्या भिंतीतली जुनी कमान जवळून पाहिली तर दगडांचे थर आडवे रचून, प्रत्येक थर थोडा पुढे काढून वर जुळवलेले दिसतात. इथल्या गवंड्यांची ती जुनीच पद्धत, फक्त नक्षा कमानीचा. आता शंभर पावलांवरचा अलाई दरवाजा बघा, १३११ चा. तिथे दगड पाचरीसारखे घडवून खऱ्या कमानीत बसवले आहेत. शंभरेक वर्षांत कारागिरी कुठून कुठे गेली ते डोळ्यांसमोर राहतं. लोहस्तंभ ७.२१ मीटर उंच, वजन सहा टनांच्या वर. तो गंजत नाही याचं कारण मंत्र नव्हे, फॉस्फरस. जुन्या भट्टीतल्या लोखंडात तो आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असायचा. त्याने पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर धरला आणि कोरड्या हवेने तो टिकवला. स्तंभाला पाठ लावून हात मागे जुळवायची जुनी हौस आता भागत नाही, भोवती कठडा आहे.

बहुतेक लोक इथून परत फिरतात. खरं तर दिवस इथून सुरू होतो. शेजारचं मेहरौली पुरातत्त्व उद्यान फुकट आहे आणि तिथे राजों की बावली आहे. नाव राजांचं नव्हे, राजमिस्त्रींचं, म्हणजे गवंड्यांचं. १५०६ ची ही चार मजली बावली उतरत गेली की हवा थंड होते. जवळच गंधक की बावली, तेराव्या शतकातल्या सुलतान इल्तुतमिशच्या काळातली, पाण्याला गंधकाचा वास म्हणून हे नाव. मेहरौलीच्या बाजारातून दक्षिणेला चालत गेलं की हौज-ए-शम्सी लागतो, इल्तुतमिशने १२३० च्या सुमारास खोदवलेला. पहिल्या दिल्लीचं पाणी ते हे. उद्यानातल्या पायवाटांवर खुणा तुटक आहेत, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

दुसरा दिवस, बुधवार : तुघलकाबाद, मग हौज खास

तुघलकाबाद सकाळीच करा. किल्ला अवाढव्य, सावली नाही, आत पाणी मिळत नाही आणि माणसंही फारशी नसतात. दोन लिटर पाणी आणि बूट हवेत, चपला नकोत. माकडांसमोर पिशवीतून खाऊ काढू नका. तुघलकाबाद नावाचं मेट्रो स्थानक आहे, पण ते किल्ल्यापासून बरंच दूर मथुरा रोडवर. नावावर जाऊन तिथे उतरणारे रोज फसतात. गोविंदपुरीला उतरून रिक्षा करणं सोपं, आणि रिक्षा परतीलाही ठरवलेली बरी, तिथे सहज मिळत नाही.

घियासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये काम सुरू केलं. तिरक्या, बुडाशी रुंद भिंती पाहून सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेला माणूसही थबकतो. पण हे शहर काही वर्षांतच ओस पडलं. दंतकथा अशी की किल्ल्याच्या कामासाठी सुलतानाने सगळे मजूर ओढले, तेव्हा निजामुद्दीन औलिया या सूफी संतांच्या बावलीचं खोदकाम अडलं. मजूर रात्री दिव्यांच्या उजेडात बावली खोदू लागले, तर सुलतानाने तेल बंद केलं, मग दिवे पाण्यावर जळले. बंगालच्या मोहिमेहून सुलतान परत निघाल्याचं कळल्यावर औलिया म्हणाले, 'हनूज दिल्ली दूर अस्त'. आपण सर्रास वापरतो ते 'दिल्ली अभी दूर है' ते हे. सुलतान १३२५ मध्ये दिल्लीच्या वेशीजवळ स्वागताचा लाकडी मांडव कोसळून मेला. त्याची कबर रस्त्यापलीकडे आहे. एके काळी ती तलावात होती आणि किल्ल्यातून तिथे जायला बांध होता. तलाव आटला, बांधातून आता रस्ता जातो.

त्याच्या मुलाने, महंमद तुघलकाने, १३२७ च्या सुमारास राजधानी आपल्या देवगिरीला हलवली आणि तिचं दौलताबाद केलं. तिथेही पाण्याची अडचण आलीच. दौलताबाद पाहिलेल्यांनी दुपारी बेगमपूरची मशीद पाहावी. महंमदाच्या जहाँपनाह या शहरातली ही प्रचंड मशीद आज वस्तीच्या मधोमध आहे, तिकीट नाही, पर्यटकही नाहीत. अलाउद्दीन खिलजीच्या सिरी या राजधानीच्या भिंतीचे तुकडे वाटेत दिसतील. त्यासाठी मुद्दाम उतरू नका.

संध्याकाळ हौज खासची. मेट्रोने जायचं तर 'हौज खास' नव्हे, 'ग्रीन पार्क' स्थानक जवळ. अलाउद्दीनने सिरीसाठी खोदवलेला हा तलाव गाळाने भरला होता. फिरोजशाहने तो उपसला आणि १३५२ मध्ये काठावर मदरसा बांधला. वरच्या मजल्यावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, कोपऱ्यात खुद्द फिरोजशाहची कबर. आज तलावात दिसतं ते शुद्ध केलेलं सांडपाणी आहे, म्हणून उन्हाळ्यात हिरवट होतं आणि वास येतो. फेब्रुवारीत ठीक असतं.

तिसरा दिवस, गुरुवार : नदीकाठ

याच फिरोजशाहने १३५४ मध्ये राजधानी नदीकाठी नेली. फिरोजशाह कोटला दिल्ली गेट स्थानकापासून चालत जाण्याजोगा आहे. बाजूच्या क्रिकेट मैदानालाही बरीच वर्षं हेच नाव होतं, म्हणून रिक्षावाल्याला 'किला' असं स्पष्ट सांगा. वरचा अशोकस्तंभ फिरोजशाहने हरियाणातल्या टोपऱ्याहून आणवला. सावरीच्या कापसाच्या गादीवर आडवा पाडून, ४२ चाकांच्या गाड्यावर घालून नदीपर्यंत आणि पुढे होड्यांवरून. त्यावर काय लिहिलंय हे सुलतानाला कोणी वाचून दाखवू शकलं नाही. ब्राह्मी लिपी उलगडली ती १८३७ मध्ये. गुरुवारी इथे लोक जिनांच्या, म्हणजे इथे वावरतात असं मानलेल्या अदृश्य शक्तींच्या, नावाने अर्ज लिहून कोनाड्यांत ठेवतात, अगदी फोटोकॉपी काढून, सरकारी कार्यालयात द्यावा तसा. त्यांचे फोटो काढू नका.

जुना किल्ला तासाभराचा. शेर मंडल या अष्टकोनी इमारतीच्या पायऱ्यांवरून पडून हुमायून १५५६ मध्ये गेला. पायऱ्या खरंच उभ्या आहेत.

दुपारी तीननंतर हुमायूनची कबर, दिल्लीतली बहुधा सगळ्यात नीट सांभाळलेली इमारत. आधी उजवीकडची ईसा खानाची अष्टकोनी कबर बघा, ती हुमायूनच्या कबरीपेक्षा वीसेक वर्षं जुनी आहे. मुख्य कबरीच्या छतावर विसाव्या शतकात गळती थांबवायला काँक्रीटचे थर चढवत गेले होते. ओझं वाढलं, ओल आतच अडकली. २००७ नंतरच्या दुरुस्तीत सुमारे १० लाख किलो काँक्रीट हाताने खरवडून काढलं आणि पुन्हा चुना वापरला. जुन्या वास्तूला सिमेंट का लावू नये, हे आपल्याकडे गावोगाव देवळांना ऑइलपेंट आणि सिमेंट फासणाऱ्यांनी इथे येऊन पाहावं. बागेतले पाट बघा. चाळीस मीटरला जेमतेम एक सेंटिमीटर उतार, तेवढ्यावर पाणी पंपाशिवाय वाहतं.

तिथून रस्ता ओलांडून निजामुद्दीन बस्ती. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी बरोबर ठेवा. गल्लीत 'जूते यहीं उतारो' म्हणून हाका मारणारे दुकानदार असतात, त्यांच्याकडे बूट ठेवले की फुलांची चादर घ्यावीच लागते. पुढे दाराशी बूट ठेवायची सोय आहे, किंवा पिशवीत घालून घ्या. आत वही पुढे करून देणगी मागणारे असतील. द्यायचं तर दानपेटीत टाका. आधी अमीर खुस्रोची कबर, मग औलियांची, हा रिवाज. गुरुवारी मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजानंतर कव्वाली सुरू होते, अंगणात जागा मिळवायला त्याआधी अर्धा तास बसावं लागतं. आणि ज्या बावलीवरून कालचं भांडण झालं ती इथेच आहे, अजून पाण्याने भरलेली. तुघलकाबादचे तलाव कोरडे आहेत.

चौथा दिवस, शुक्रवार : शाहजहानाबाद

शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणून सकाळी आठलाच सुरुवात. व्हायोलेट लाइनचं 'जामा मशीद' स्थानक. मिनारावर चढायचं वेगळं तिकीट आहे, जिना अरुंद, वर एका वेळी दहा-बारा माणसांची जागा. वरून लाल किल्ला, जुनं शहर आणि दूर कॅनॉट प्लेसच्या इमारती दिसतात. अर्धी चड्डी असेल तर दारात लुंगी किंवा झगा घ्यावा लागतो.

मग रिक्षाने थेट फतेहपुरीला जा आणि चांदणी चौक पश्चिमेकडून पूर्वेला चाला, लाल किल्ला समोर ठेवून. सकाळी नऊ ते रात्री नऊ या रस्त्यावर मोटारींना बंदी आहे. आधी फतेहपुरीमागची खारी बावली, मसाल्यांची घाऊक बाजारपेठ. नाव खाऱ्या पाण्याच्या विहिरीचं, विहीर कधीच बुजली. गडोदिया मार्केटच्या गच्चीवर जाता येतं, पण मिरचीच्या पोत्यांमधून जिना चढताना नाकाला रुमाल हवाच. कितीही पट्टीचे कोल्हापूरकर असा, शिंका येतात.

टाउन हॉलजवळ पूर्वी तळं होतं. त्यात चांदणं उतरायचं म्हणून हा चांदणी चौक. शाहजहानच्या काळात यमुनेचा कालवा भर रस्त्यातून वाहत होता. खायला परांठेवाली गलीचं नाव मोठं, पण तिथले परांठे भाजलेले नसून तळलेले असतात, ही माहिती आधी असावी. दरिबा या गल्लीच्या कोपऱ्यावरची जाडजूड जिलबी एका प्लेटमध्ये दोघांना पुरते. हिवाळ्यात हातगाडीवर 'दौलत की चाट' दिसली तर सोडू नका. चाट नव्हे, दुधाचा गोड फेस. रात्रीच्या थंडीत घुसळून धरलेला असतो, ऊन वाढलं की बसतो, म्हणून उन्हाळ्यात मिळत नाही आणि फेब्रुवारीअखेरही सकाळीच संपते.

सीसगंज गुरुद्वारा ओलांडला की लाल जैन मंदिराशेजारी गौरीशंकर मंदिर. ते मराठा सरदार आप्पा गंगाधर यांनी १७६१ मध्ये बांधल्याचं सांगतात.

दुपार लाल किल्ल्याला. दिवाण-ए-खासच्या छताकडे बघा, ते आज लाकडी आहे. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशाहने नेलं. छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून नाणी पाडली, फौजेच्या पगाराची तंगी होती. गाइड हे 'मराठोंने लूटा' असं एका ओळीत सांगून पुढे जातात. पुढची ओळ अशी : याच महालात १७८८ मध्ये गुलाम कादिरने शाहआलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला सोडवायला आलं ते महादजी शिंद्यांचं सैन्य. त्यानंतर १८०३ मध्ये पटपडगंजला इंग्रजांकडून हार होईपर्यंत किल्ल्यावर वजन शिंद्यांचंच होतं.

रंगमहाल आणि खासमहालातून जाणारा संगमरवरी पाट म्हणजे नहर-ए-बिहिश्त, कोरडा. पूर्वेच्या सज्ज्यातून पूर्वी खाली यमुना दिसायची. आता रिंगरोड दिसतो, नदी दूर सरकली. जुलै २०२३ मध्ये मात्र पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढलं, १९७८ चा उच्चांक मोडला आणि नदी पुन्हा किल्ल्याच्या भिंतीला येऊन भिडली.

पाचवा दिवस, शनिवार : रायसीना

नदीपासून लांब पळालेली दिल्ली ही एकच. डिसेंबर १९११ च्या दरबारात पाचव्या जॉर्जने कोलकात्याहून राजधानी हलवल्याचं जाहीर केलं आणि उत्तरेला, दरबाराच्या जागीच कोनशिला बसवल्या. नंतर पाहणी समितीने कळवलं की ती जमीन सखल, पुराची आणि रोगट आहे. कोनशिला उचलून रायसीनाच्या टेकडीवर आणाव्या लागल्या.

राष्ट्रपती भवनाचं बुकिंग निघण्याआधीच ऑनलाइन करा, पहारेबदलासाठीही नोंदणी लागते. मूळ ओळखपत्र हवं, मोठी पिशवी आत चालत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अमृत उद्यान उघडं असतं, त्याचं बुकिंग वेगळं.

मग विजय चौकाची गंमत बघा. इंडिया गेटपासून कर्तव्यपथावर दोन किलोमीटर चालत या. भवन समोर दिसत राहतं आणि विजय चौकाजवळ येताच खाली बुडतं, घुमटाचं टोक तेवढं उरतं. नव्या दिल्लीच्या दोन वास्तुकारांपैकी हर्बर्ट बेकरच्या सचिवालयांनाही टेकडीच्या माथ्यावर जागा दिल्याने दुसऱ्याचं, एडविन लचिन्सचं, भवन मागे सरकलं आणि मधल्या रस्त्याचा चढ उभा झाला. १९१३ मध्ये लचिन्सने मान्यतेची सही करून टाकली होती. चढाचा परिणाम त्याला काम बरंच पुढे गेल्यावर उमगला. तो पुढे बरीच वर्षं भांडत राहिला, चढ काही बदलला नाही.

रिक्षावाला मीटरने येत नसेल तर ॲपवर भाडं बघून तेवढंच बोला. वाटेत तालकटोरा लागेल, नावच वाटीसारख्या तळ्याचं. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीवर चालून आले तेव्हा त्यांचा तळ इथे होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथल्याच स्टेडियममध्ये भरलं. कॅनॉट प्लेसजवळ अग्रसेन की बावली, पंधरा मिनिटांत होते. जेवायला बंगला साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर, किंवा पाच दिवसांच्या छोले-भटुऱ्यांनंतर वरणभात आठवत असेल तर कस्तुरबा गांधी मार्गावरचं महाराष्ट्र सदन.

मुंबईची राजधानी नवी दिल्लीहून दुपारी पाचच्या सुमारास सुटते. चारला स्थानकात असा. सामान तपासणीच्या रांगेत वीस मिनिटं जातात. फलाट शेवटच्या क्षणी बदलला तर पुलावरून दोन बॅगा घेऊन धावणं सोपं नाही, तेव्हा फलाटाचा आकडा बोर्डावर दिसल्यावरच खाली उतरा.